गोड्या पाण्यातील नव्या माशाची शरीररचना कशी लिहावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सह्याद्रीतील एका ओढ्यात पदव्युत्तर अभ्यासासाठी मासे गोळा करताना लोच गटातील, म्हणजे तळाशी दगडांखाली राहणारा एक लहान मिशाळ मासा मिळाला. तो प्रसिद्ध झालेल्या कोणत्याच वर्णनाशी जुळत नाही आणि डीएनएच्या तपासणीतही वेगळा पडतो. नवी प्रजाती म्हणून तो प्रसिद्ध करताना शरीररचनेचे वर्णन किती खोलवर करावे, आणि बाह्य मोजमापे व डीएनए एवढ्यावर भागणार नाही का, अशी पृच्छा आहे. माझ्या मते एवढ्यावर भागत नाही, आणि त्याची कारणे सविस्तर सांगणे आवश्यक आहे.

डीएनएमधील अंतर हा मासा ज्ञात नातेवाइकांपेक्षा किती दूर आहे हे सांगते; तो कशामुळे वेगळा आहे हे सांगत नाही. प्राण्यांच्या शास्त्रीय नावांची आंतरराष्ट्रीय नियमसंहितादेखील १९३० नंतरच्या नावासाठी वेगळेपण दाखवणारी लक्षणे शब्दांत मांडलेली असावीत, किंवा तशा मांडणीचा संदर्भ तरी दिलेला असावा, अशी अट घालते. नियम बाजूला ठेवला तरी व्यवहाराची अडचण उरतेच. उद्या कोयनेच्या किंवा काळ नदीच्या खोऱ्यात दुसऱ्या कोणाला असाच मासा मिळाला, तर त्याच्या हातात मासा असेल आणि समोर तुमचे लेखन असेल. त्या दोहोंची गाठ शरीररचनेच्या वर्णनानेच पडते. म्हणून प्रत्येक वाक्य लिहिताना हे विधान दुसऱ्या माणसाला त्याच्या नमुन्यावर पडताळता येईल का, एवढी एकच कसोटी लावावी. जे पडताळता येत नाही ते कितीही सुंदर लिहिले तरी वर्णन ठरत नाही.

या कसोटीचे महत्त्व आपल्याकडच्या माशांच्या इतिहासातच दिसते. कर्नल विल्यम हेन्री साइक्स यांनी १८३९ मध्ये दख्खनच्या नद्यांतील माशांची वर्णने प्रसिद्ध केली. आज आपण ज्याला टॉर खुद्री म्हणतो तो महसीर आणि हिप्सेलोबार्बस कोलस हे दोन्ही त्यांनीच प्रथम नोंदवले. हे काम मोलाचे आहे. परंतु त्या काळच्या रीतीप्रमाणे वर्णने अगदी त्रोटक होती आणि ज्या नमुन्यांवरून ती लिहिली ते आज उपलब्ध नाहीत. परिणामी त्यांनी वर्णिलेला ‘मुसुल्लाह’ हा मासा दीर्घकाळ महसीरांच्या टॉर या वंशात गणला गेला, आणि तो प्रत्यक्षात हिप्सेलोबार्बसचा आहे हे स्पष्ट होण्यासाठी एकविसावे शतक उजाडावे लागले. ओठांची घडण, घशातील दात आणि डोक्याची हाडे यांविषयी मूळ वर्णनात काही वाक्ये असती तर हा घोळ इतका लांबला नसता.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. वर्णनाचा दर्जा मासा जतन करण्याच्या पहिल्या तासातच बऱ्याच अंशी ठरतो. जिवंतपणी माशाचे छायाचित्र दोन्ही बाजूंनी, पाठीवरून आणि पोटाकडून घ्यावे. पिवळा, नारिंगी आणि तांबडा रंग अल्कोहोलमध्ये विरघळून जातो आणि काळ्या रंगद्रव्याचे पट्टे व ठिपके तेवढे टिकतात, म्हणून जिवंत अवस्थेतील रंग आणि जतन केलेल्या नमुन्याचा रंग असे दोन वेगळे परिच्छेद वर्णनात असले पाहिजेत. लवंगतेलाच्या विद्रावात मासा पूर्ण बधिर होऊन मेल्यावर उजव्या बाजूच्या पक्षाचा, म्हणजे पोहण्याच्या पराचा, लहानसा तुकडा डीएनएसाठी शुद्ध अल्कोहोलमध्ये ठेवावा. डावी बाजू मोजमापांसाठी अखंड राहिली पाहिजे. त्यानंतर बाजारातील फॉर्मालिनचा एक भाग आणि पाण्याचे नऊ भाग अशा विद्रावात मासा सरळ, पक्ष पसरलेल्या स्थितीत ठेवावा आणि काही दिवसांनी पाण्याने धुऊन ७० टक्के अल्कोहोलमध्ये हलवावा. फॉर्मालिन आम्लधर्मी होत जाते आणि हाडांतील चुना विरघळवते, म्हणून त्यात थोडे टाकणखार घालावे आणि मासा त्यात महिनोन्महिने पडू देऊ नये. वाकडा झालेला, तोंड मिटलेला किंवा पक्ष चिकटलेला मासा नंतर कशानेही दुरुस्त होत नाही.

मोजमापांविषयी फार लिहीत नाही, कारण ती बहुतेकांना शिकवलेली असतात. प्रमाण लांबी तुंडाच्या, म्हणजे थोबाडाच्या, टोकापासून पुच्छपक्षाच्या (शेपटीच्या पराच्या) बुडापर्यंत घेतात. शेपटी हलकेच बाजूला वाकवली की जिथे घडी पडते तिथे हे बूड असते. सर्व मापे डाव्या बाजूने, बिंदू ते बिंदू, ०.१ मिलिमीटरपर्यंत घ्यावीत आणि प्रमाण लांबीच्या किंवा डोक्याच्या लांबीच्या टक्केवारीत द्यावीत. मात्र हे लक्षात ठेवावे की लहान माशाचा डोळा डोक्याच्या मानाने मोठा असतो आणि वयाबरोबर शरीराची प्रमाणे बदलतात. त्यामुळे तुमच्याजवळ फक्त लहान नमुने असतील आणि तुलनेतील प्रजातीचे फक्त मोठे, तर ‘डोळा मोठा’ हे लक्षण प्रजातीचे नसून वयाचे असू शकते. नर आणि मादी दोन्ही हाताशी असणे तितकेच गरजेचे आहे. नेमॅकायलिडी या लोचच्या कुलातील कितीतरी प्रजातींत नराच्या डोळ्याखाली एक मांसल पाळी किंवा खाच असते आणि मादीत ती नसते. हा फरक ठाऊक नसेल तर एकाच प्रजातीच्या दोन प्रजाती होतात.

गणनेत एक जागा अशी आहे की तिथे वर्णनावर्णनांत कायम तफावत पडते, म्हणून ती जवळून पाहू. लोचचा पृष्ठपक्ष, म्हणजे पाठीवरचा पर, सूक्ष्मदर्शकाखाली घ्या. पुढे एक लांब न फाटलेला अर (पक्षाला आधार देणारी काडी) दिसतो आणि त्याच्या पुढ्यात त्वचेखाली दडलेले एक-दोन अगदी आखूड अर असतात, जे वरून दिसतातच असे नाही. त्यांच्यामागे शाखायुक्त अर येतात. शेवटचे दोन अर बुडाशी इतके जवळ असतात की ते एकाच आधारअस्थीवर टेकलेले असतात. काही लेखक त्यांना एक धरतात, काही दोन, आणि लोचच्या आधुनिक वर्णनांत ते ‘८½’ अशा पद्धतीने लिहिण्याची रीत आहे. कोणतीही रीत घ्या, पण ती कार्यपद्धतीच्या भागात स्पष्ट सांगा. ती सांगितली नसेल तर एका अराचा फरक खरा आहे की मोजण्याच्या रीतीचा, हे वाचणाऱ्याला कळत नाही. मणक्यांचेही असेच आहे. कार्प, लोच आणि मार्जारमीन (कॅटफिश) यांच्यात पहिले चार मणके वेबर-यंत्रणेत, म्हणजे वाताशयातील (पोटातील हवेच्या पिशवीतील) कंपने कानापर्यंत नेणाऱ्या रचनेत, सामील झालेले असतात. ते संख्येत धरले की नाहीत आणि शेपटीच्या टोकाचा जोडमणका एक धरला का, हे लिहिलेच पाहिजे.

बाह्य रचनेत लोचसाठी सर्वांत अधिक वेळ तोंडावर द्यावा. वरच्या जबड्याच्या मध्यभागी दातासारखा उंचवटा आहे का, खालच्या जबड्याला त्याच्यासमोर खाच आहे का, ओठ गुळगुळीत आहेत की सुरकुतलेले, खालचा ओठ मध्ये तुटलेला आहे का, मिशांच्या तीन जोड्यांपैकी प्रत्येक जोडी मागे नेली असता कुठवर पोहोचते, हे सारे लिहावे. ‘मिशा लांब’ असे न लिहिता ‘जबड्याच्या कोपऱ्यातील मिशी डोळ्याच्या मागील कडेपर्यंत पोहोचते’ असे लिहावे. पार्श्वरेखा, म्हणजे शरीराच्या बाजूने जाणारी संवेदी छिद्रांची ओळ, पूर्ण आहे की अपुरी, अपुरी असल्यास ती कोणत्या पक्षाच्या पातळीवर संपते आणि तिच्यात किती छिद्रे आहेत, तसेच डोक्यावरील संवेदी नलिकांची छिद्रे कुठे आहेत, याची नोंद घ्यावी. ओल्या माशावर ही छिद्रे दिसत नाहीत. हवेची बारीक फुंकर सोडून त्वचा क्षणभर कोरडी केली की ती ठळक होतात. खवल्यांबाबतही ‘खवले आहेत’ एवढे पुरत नाही. पृष्ठपक्षाच्या पुढे, छातीवर आणि पोटावर ते कुठे सुरू होतात, त्वचेत रुतलेले आहेत की एकमेकांवर चढलेले, हे सांगावे.

यानंतर सांगाडा. बहुतेक नवी वर्णने इथे येऊन थांबतात याची मला मनापासून खंत वाटते, कारण माशाचे खरे नाते इथेच उलगडते. यासाठी डिंगरकस आणि उहलर यांनी १९७७ मध्ये मांडलेली आणि पुढे सुधारली गेलेली दुहेरी रंजनाची पद्धत आजही उत्तम आहे. फॉर्मालिनमध्ये स्थिर केलेल्या माशाची कातडी, डोळे व आतडी काढून, अल्कोहोल आणि अॅसेटिक आम्लातील अल्शियन ब्लूने कूर्चा निळी करतात. मग ट्रिप्सिन या विकराने स्नायू पारदर्शक करतात, विरळ पोटॅशियम हायड्रॉक्साइडमधील अॅलिझरिन रेडने हाडे तांबडी करतात आणि शेवटी टप्प्याटप्प्याने ग्लिसरीनमध्ये नेतात. बुरशी येऊ नये म्हणून ग्लिसरीनमध्ये थायमॉलचा खडा टाकतात. निळ्या रंगाची पायरी आम्लधर्मी असते, हे इथे विसरता कामा नये. दोन-तीन सेंटिमीटरच्या माशात ती लांबली तर कोवळ्या हाडांतील चुना निघून जातो आणि ती नंतर तांबडी होतच नाहीत. असलेले हाड मग ‘नाही’ असे नोंदले जाते. म्हणून लहान माशांचे किमान एखाददुसरे नमुने निळ्या रंगाशिवाय, केवळ अॅलिझरिनने रंगवून ताडून पाहावेत.

रंजन नीट झालेला लोच ग्लिसरीनमध्ये पाठीवर प्रकाश घेऊन पाहिला की डोक्याच्या लगेच मागे दोन्ही बाजूंना तांबड्या हाडाच्या दोन गोल कुप्या दिसतात. वाताशयाचा पुढचा भाग त्यांच्यात बंदिस्त असतो. या कुप्यांचा आकार, त्यांना जोडणारा मधला पूल, आणि वाताशयाचा मागचा कप्पा पोटाच्या पोकळीत मोकळा आहे की अगदी खुंटलेला, ही लक्षणे लोचच्या वंशांच्या मांडणीत फार उपयोगी पडतात. वाहत्या पाण्यात तळाला चिकटून राहणाऱ्या माशाला तरंगण्याचे साधन कमीच लागते. या कुप्यांच्या पुढे वेबर-यंत्रणेच्या बारीक अस्थिका असतात. त्यांतील ट्रायपस ही सर्वांत मोठी असून ती वाताशयाला टेकलेली असते आणि तेथील कंपने पुढच्या अस्थिकांमार्फत आंतरकर्णापर्यंत जातात. ट्रायपसची आतली टोके, चौथ्या मणक्याच्या फासळ्यांची वळणे आणि कवटीच्या तळाशी असलेले त्यांचे सांधे रेखाटनासह द्यावेत. त्याचबरोबर जबड्यांची हाडे, कल्ल्यांच्या कमानी, घशातील पाचव्या कमानीवरील दातांची संख्या व आकार, आणि पुच्छपक्षाला आधार देणाऱ्या चपट्या हाडांपैकी कोणती एकमेकांना जुळलेली आहेत, एवढे तरी वर्णनात यावे.

आता ज्या मुद्द्यासाठी हे सारे लिहितो आहे त्याकडे येतो. नव्या, विशेषतः लहान किंवा भूगर्भातील माशांत, ‘नसणे’ हे लक्षण सर्वांत मोहक असते आणि सर्वांत फसवेही. एखादे हाड दिसत नाही याचे तीन अर्थ होऊ शकतात: ते तयारच झालेले नाही, ते शेजारच्या हाडात विरून गेले आहे, किंवा ते कूर्चेच्या रूपात आहे आणि त्याचे हाड बनलेले नाही. हे तीन अर्थ दुहेरी रंजनाशिवाय आणि जवळच्या प्रजातींशी, शक्य तर त्यांच्या पिलांशी, ताडून पाहिल्याशिवाय वेगळे करता येत नाहीत. म्यानमारमधील डॅनिओनेला ड्रॅक्युला हा २००९ मध्ये वर्णिलेला, दोन सेंटिमीटरही न भरणारा मासा याचे अभ्यसनीय उदाहरण आहे. त्याचा नातेवाईक असलेल्या झेब्राफिशच्या तुलनेत त्याच्यात ४४ हाडे किंवा हाडांचे भाग नाहीत. झेब्राफिशच्या वाढीत कोणते हाड केव्हा तयार होते हा क्रम आधीच माहीत असल्याने, या माशात उशिरा तयार होणारी हाडे उगवण्यापूर्वीच वाढ थांबते, हे अभ्यासकांना दाखवता आले. याच माशाच्या जबड्यावर सुळ्यांसारखी टोके आहेत. कार्पांच्या या संपूर्ण गटाच्या जबड्यांत दात नसतात, म्हणून ती टोके पाहून कोणीही दचकेल. पण बारकाईने तपासता ते खरे दात नसून जबड्याच्या हाडाचेच वाढलेले काटे आहेत असे निष्पन्न झाले. वर्णनात ‘दात’ हा शब्द घाईने पडला असता तर उत्क्रांतीचा सगळा अन्वयार्थ बदलला असता.

केरळमधील क्रिप्टोग्लॅनिस शाजी या मार्जारमीनाची कथा मला त्याहून बोधक वाटते. २०११ मध्ये त्याचे वर्णन झाले तेव्हा तो सिल्युरिडी कुलात ठेवला गेला. बाह्य लक्षणे तेव्हाच विलक्षण होती. पृष्ठपक्ष नाही, अंसपक्षाला (कल्ल्यामागच्या पराला) काटा नाही, डोळे कातडीखाली, खालचा जबडा पुढे आलेला आणि तोंड वरच्या दिशेला, मिशांच्या चार जोड्या, आणि गुदपक्ष पुच्छपक्षाशी पूर्ण जुळून दोहोंचे मिळून ७० ते ७४ अर. २०१४ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे त्याच्या सांगाड्याचा अभ्यास केला. हा मासा ज्ञात कुलांपैकी कोणत्याही एकात नीट बसत नाही असे दिसले आणि त्यांतील एका गटाने त्याच्यासाठी क्रिप्टोग्लॅनिडी हे स्वतंत्र कूल मांडले. मासा तोच होता आणि बाहेरून दिसणारी लक्षणेही तीच होती. फरक पाडला तो हाडांच्या वाचनाने. मरळच्या नात्यातील, भूगर्भातील पाण्यात राहणाऱ्या एनिग्माचन्ना गोलम या केरळमधील माशाचेही असेच झाले. २०१९ मध्ये तो मरळांच्या चन्निडी कुलात वर्णिला गेला आणि २०२० मध्ये त्याच्यासाठी वेगळे कूल करावे लागले, कारण मरळांना हवेतून श्वास घेण्यासाठी कल्ल्यांच्या वर असणारा अवयव त्याच्यात नव्हता, वाताशय आखूड होता आणि फासळ्या असलेले मणके मोजकेच होते. दृष्टी व रंग गमावणे तर गुहेतील अनेक गटांनी आपापले स्वतंत्रपणे केलेले आहे. अशा लक्षणांवर नाते ठरवू नये, त्यांची नोंद मात्र काटेकोर ठेवावी.

होलोटाइप, म्हणजे प्रजातीचे नाव ज्या एका नमुन्याशी कायमचे जोडले जाते तो, कधीही रंजनासाठी वापरू नये. त्यासाठी पॅराटाइपपैकी, म्हणजे मूळ वर्णनात वापरलेल्या इतर नमुन्यांपैकी, काही ठेवावेत. होलोटाइपचा सांगाडा क्ष-किरण चित्राने किंवा मायक्रो-सीटीने, म्हणजे सूक्ष्म त्रिमितीय क्ष-किरण चित्रणाने, पाहावा. मायक्रो-सीटीचे चित्र अतिशय देखणे येते आणि हाडांची त्रिमितीय मांडणी त्यात उत्तम कळते, परंतु साध्या सीटीत कूर्चा जवळजवळ दिसत नाही. त्यामुळे वर सांगितलेल्या तीन अर्थांपैकी शेवटचा तिथे हुकतो. दोन्ही पद्धती एकमेकींना पूरक आहेत. एकच परवडत असेल तर माझी पसंती रंजनाला राहील, कारण ती महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतही करता येते.

लिहिताना निदान आणि वर्णन यांची सरमिसळ करू नका. निदानात फक्त तीच लक्षणे यावीत जी तुमच्या माशाला त्याच वंशातील इतर सर्व प्रजातींपासून, एकेकटी किंवा एकत्रितपणे, वेगळे करतात. आणि प्रत्येक लक्षणासमोर दुसऱ्या प्रजातीतील स्थितीही लिहावी. सातारा जिल्ह्यातील कृष्णेतून २०१२ मध्ये वर्णिलेल्या बॅलिटोरा लॅटिकॉडाचे नावच त्याच्या शेपटीच्या रुंद दांड्यावरून पडले, पण रुंद म्हणजे कोणाच्या तुलनेत आणि कोणत्या गुणोत्तरात, हे आकड्यांत दिल्यामुळेच ते लक्षण उपयोगी ठरते. वर्णन मात्र सर्वसमावेशक असावे. आज जे लक्षण निरर्थक वाटते ते उद्या सापडणाऱ्या तिसऱ्या प्रजातीमुळे निर्णायक ठरू शकते. तुलना केवळ छापील वर्णनांशी न करता, शक्य तेथे संग्रहालयातील मूळ नमुन्यांशी आणि मूळ स्थळावरून आणलेल्या ताज्या नमुन्यांशी करावी. एका नमुन्यात आढळलेले लक्षण ‘प्रजातीत आहे’ असे न लिहिता किती नमुन्यांत पाहिले ते द्यावे, आणि डाव्या-उजव्या बाजूंत फरक असेल तर तोही लपवू नये.

होलोटाइप स्वतःच्या कपाटात ठेवू नका. जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार नव्याने सापडलेल्या प्रजातीची माहिती शासनाने नेमलेल्या संग्रहालयाला देऊन तिथे नमुना जमा करणे बंधनकारक आहे. पुण्यातील भारतीय प्राणी सर्वेक्षणाचे पश्चिम प्रादेशिक केंद्र त्यासाठी तुमच्या जवळचे आहे. अभयारण्यात किंवा राखीव वनात जाळे टाकण्यापूर्वी वनविभागाची परवानगी घ्यावी आणि वर्णनाला लागतील तेवढेच मासे उचलावेत, कारण असे लोच पुष्कळदा एकाच ओढ्यापुरते असतात. आंबोलीच्या हिरण्यकेशी मंदिराच्या कुंडातून २०२० मध्ये शिस्टुरा हिरण्यकेशीचे वर्णन प्रसिद्ध झाल्यावर पुढच्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने तेथील २.११ हेक्टर क्षेत्र जैविक वारसास्थळ म्हणून घोषित केले. तुमच्या ओढ्याबाबतही पुढे असा प्रस्ताव करावा लागेल हे गृहीत धरून स्थळाचे अक्षांश-रेखांश, समुद्रसपाटीपासूनची उंची, पाण्याचा वेग, तळाचे स्वरूप आणि सोबत आढळलेल्या माशांची नावे पहिल्याच लेखात नोंदवून ठेवा.